दहा अक्षरांचं क्रियापद

दि. ३ मार्च

चि. मास्तर यास,
अनेक उ. आशीर्वाद.

शाळेत पोरांना इंग्रजी शिकवतोस, आज बहिणीलाही शिकव. ह्यांना बंदराच्या ऑफिसकडून पत्र आलंय. नऊ वर्षांपूर्वी ह्यांच्या क्रेनवरून पेटी पडून एका हमालाचा पाय गेला, ठपका ह्यांच्यावर आला आणि ह्यांना गेटवर बसवलं, ते तुला माहीतच आहे. आता पुन्हा चौकशी झाली. क्रेनची तार आतून गंजलेली होती म्हणे. इथपर्यंत मला समजलं. पुढे एक शब्द अडलाय. अक्षर अक्षर बघून उतरवते: ई-एक्स-ओ-एन-ई-आर-ए-टी-ई-डी.

गेटवरचे कारकून म्हणाले, म्हणजे माफ केलं. तेव्हापासून ह्यांचं एकच चाललंय. न केलेल्या चुकीची माफी नको, महिनाअखेरीस पत्र साहेबांच्या टेबलावर परत ठेवणार म्हणतात. हे बोलतात कमी आणि करतात नक्की, तुला ठाऊक आहे.

लवकर लिही. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावजींना आधी सांग, पत्र कुठेही परत ठेवायचं नाही. कारकुनांचं इंग्रजी गेटपुरतं ठीक आहे.

शब्द एक्झॉनरेट. पंचवीस वर्षं मी वर्गात ‘दोषमुक्त करणे’ एवढं सांगून पुढे गेलो. काल तुझ्यासाठी मोठा कोश काढला आणि उभ्या उभ्या वाचतच राहिलो. माफ करतात ते चुकलेल्याला. एक्झॉनरेट करतात ते ज्याच्यावरचा आळच खोटा ठरला त्याला. लॅटिनमध्ये मूळ अर्थ ओझं उतरवणं, आणि जुन्या इंग्रजीत जहाजावरचा माल उतरवण्यालाही हेच क्रियापद चालायचं. ताई, भावजी क्रेनवर जे काम करायचे त्याचंच हे नाव.

भावजींना नमस्कार. माया आहेच, ती वाढू दे.
तुझा मास्तर

दि. २४ मार्च

चि. मास्तर यास,
आशीर्वाद.

ताई नव्हे, मीच लिहितोय. अक्षराला हसू नकोस. तुझं पत्र तिने तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा मी वाचलं. एवढासा शब्द, पण खांदे हलके झाले.

मग आठवला तो खाली उभा राहून मला हाताने खुणा करणारा सिग्नलवाला. त्यानेच चुकीची खूण केली, असं मी नऊ वर्षं धरून चाललो. समोर दिसला की रस्ता बदलायचो. तार गंजलेली, म्हणजे चूक त्याचीही नव्हती. हे क्रियापद ऑफिसनेच वापरायचं की आपल्यासारख्यानेही, हे तुला विचारणार होतो, पण वाट बघवेना. काल त्याच्या घरी गेलो. वाटेत घोकलेला शब्द जिभेवर नीट येईना, तरी म्हणालो, की मी तुला एक्झॉनरेट करतो. त्याने विचारलं, म्हणजे काय. खिशातून तुझं पत्र काढून त्याला वाचून दाखवलं. ऐकता ऐकता तो पायरीवर बसला. म्हणाला, की खूण बरोबर होती, तूच बघितली नाहीस, असं मीही धरून चाललो होतो. तेव्हा मास्तरांना विचार, मलाही तुला हे करता येईल का.

तर तेवढं कळव. तो आणि मी, दोघंही वाट बघतोय.
तुझे भावजी