चौदाचा आकडा

दि. ९ नोव्हेंबर, दुपार

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग फक्त कागदावर. डॉक्टरीणबाईंनी वाकायची बंदी अजून उठवलेली नाही, त्यामुळे सध्या मी तुझ्यासकट कोणापुढेच वाकत नाही. इकडे सर्व ठीक. तुझी भावजय ठीक, तिचे गुडघे तिच्या मते ठीक नाहीत. तुझं शिवणाचं दुकान जोरात असेल.

अक्षर मोठं आहे आणि ओळी उतरणीला लागल्या आहेत. पंचवीस वर्षं व्याकरण शिकवणाऱ्याचं हे हस्ताक्षर कोणाला दाखवू नकोस.

ऑपरेशनात नेमकं काय केलं, हे तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी "बारीकसं होतं गं" म्हणून वेळ मारून नेली. तर आता ऐक. आपल्या काचबिंदूत डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट तुंबते. पाणी आत तयार होतच राहतं, दाब वाढतो आणि मागची नस दबून मरत जाते. थेंबांनी भागलं नाही, तर वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक इवलंसं झाकण कापतात आणि ते बेताचं सैल शिवतात. पाणी त्यातून झिरपतं, पापणीखाली छोटा फुगवटा धरतो आणि तिथून अंगात जिरतं. टाका घट्ट बसला तर पाणी अडतं, सैल बसला तर सगळंच वाहून जातं. शिवणकामातलं मी तुला काय सांगणार!

माझा डोळा वाहून गेला. दाब चारावर आला आणि तिथेच बसलाय. डोळा मऊ पडलाय, आतला पडदा सुरकुतलाय. या वयात सुरकुत्या पडतात हे ठाऊक होतं, पण इतक्या आत जाऊन पडतील असं वाटलं नव्हतं. डाव्या डोळ्याला अक्षरं पाण्यात बुडवल्यासारखी दिसतात. पुन्हा आत जाऊन झाकण घट्ट शिवायचं ठरलंय. नजर किती परत येईल, हे बाई सांगत नाहीत.

यात बाईंची चूक नाही.

हे वाक्य लिहून मी अर्धा तास नुसता बसलो होतो. भावजय दोनदा डोकावून गेली.

मंगळवारी तू तिच्याशी फोनवर बोललीस. तिनं भाजी निवडता निवडता मला सांगितलं, "ताईंनी थेंब बंद केले, दोन महिने झाले. बाटली कचऱ्यात टाकली म्हणे."

"का?"

"तुमच्यामुळे. पंडित सांगतो म्हणजे विचार करूनच सांगत असेल, म्हणाल्या."

त्यानंतर मी तुला तीन फोन केले. तिन्ही वेळा हवा, गुडघे आणि तुझ्या दुकानातली ती भांडकुदळ बाई यांवर बोललो. तिसऱ्यांदा तू विचारलंस, "पंडिता, तुला काही हवंय का रे?" आणि मी म्हणालो, "छे." म्हणून हे पत्र.

ऑपरेशन ठरलं तेव्हा मी तुला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की थेंबांत काही अर्थ नाही, माझा दाब थेंबांनी चौदावर, म्हणजे निरोगी माणसासारखा होता आणि तरी नस गेलीच. ताई, मी थेंब घालत नव्हतो.

दोन वर्षं. डोळे झोंबायचे, लाल व्हायचे, आणि शिक्षकांच्या खोलीत इतिहासाचे मास्तर विचारायचे, "काय पंडित, काल बसला होता वाटतं?" मी, ज्यानं आयुष्यात काढ्यापलीकडे काही घेतलं नाही! दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, दिसत सगळं होतं. मग सोडले. फक्त तपासणी आली, की आधीचे चार दिवस अगदी नेमानं घालायचो. चौदाचा आकडा त्या चार दिवसांचा आहे. बाई विचारायच्या, "थेंब नियमित ना?" मी म्हणायचो, "श्वासासारखे."

शास्त्रकारांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तवाक्य अशी प्रमाणं सांगितली आहेत. बाईंना मी प्रत्यक्षच खोटं दाखवलं. त्यांनी त्यावरून बिनचूक अनुमान काढलं, की चौदालाही याची नस मरते आहे, तर दाब दहाच्या खाली न्यायला हवा. म्हणून झाकण तितकं सैल शिवलं. आणि तू माझा शब्द आप्तवाक्य मानून बाटली फेकलीस.

भावजयीला काल सांगितलं. तिनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "महिन्याची बाटली तुम्हाला सहा महिने पुरायची. मला वाटायचं, तुम्ही थेंब लहान घालता." हसलो दोघंही. ती आधी थांबली.

आज सकाळी बाईंकडे गेलो होतो. त्या आता उजव्याही डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख बघत होत्या. मी सांगून टाकलं, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे हा डावा डोळा कदाचित मी उगाच..." एवढं बोलून त्या उठल्या, हात धुतले, परत येऊन बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उजव्याचं ऑपरेशन तूर्त रद्द. आधी तीन महिने थेंब, भावजयीच्या हातून. मला बाटलीला हात लावायचा नाही.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?"

"थोरल्या बहिणीला."

"त्या तरी थेंब घालतात ना?"

ताई, इतकं सगळं कबूल केल्यावर, त्या खुर्चीत बसून, मी म्हणालो, "हो."

का म्हणालो ते मला ठाऊक नाही. त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही, एवढंच.

तुला सुईत दोरा अजून ओवता येतो, मलाही शेवटपर्यंत सगळं दिसत होतं. त्यावर विसंबू नकोस. दोन महिन्यांत जे गेलं असेल ते कोणी परत आणून देणार नाही, पण उरलेलं तुझं आहे. पत्र वाचून झालं, की दुकान बंद कर आणि तुझ्या डॉक्टरांकडे जा. थेंब कधी सोडले ती तारीख सांग. कोणी सोडायला लावले तेही सांग, माझी भीड नको. दाब जो निघेल तो निघू दे. आणि त्याच रात्री झोपण्याआधी थेंब घाल.

माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल. पण बाईंना मी जे "हो" सांगून आलोय, तेवढं खरं कर.

तुझ्या विश्वासाला न शोभलेला,
धाकटा