बापाच्या दोन्ही जीनची वाटणी

मी, कल्याण कारभारी लिपणे, वय एकसष्ट, धंदा कापसाचं जीन, राहणार परतूर, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखलाही जोडला आहे, कारण मी गेल्यावर "औषधानं माणूस बहकला होता" असं म्हणणारे कोण, ते मला आजच ठाऊक आहे. कुणाचा दाब नाही. दाब टाकायला आले होते, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मला छातीचा कॅन्सर आहे. पुरुषाला हा होतो यावर माझा विश्वास नव्हता. रिपोर्टची एखाद्या बाईच्या रिपोर्टशी अदलाबदल झाली असणार म्हणून दुसरीकडं पुन्हा तपासून घेतलं. तिथंही तेच निघालं.

कलम १. राहतं घर माझी एकुलती मुलगी तृप्ती हिचं. तिचं लग्न ठरवताना माझा आजार झाकू नये. त्यापायी स्थळ मोडलं तर मोडू द्यावं. आज आजार ऐकून पळणारा उद्या पोरीला ताप आला तरी पळेल.

कलम २. जीनवरचे सगळे पाने, जॅक आणि माझी मोटारसायकल आमचा फिटर मुझफ्फर पाशामियाँ याला. तो म्हणाला, "मालक, मी साक्षीदार राहतो ना." वस्तू घेणाऱ्यालाच साक्षीदार करायला मी काय खुळा आहे? त्याचं नाव खाली नाही, ते यामुळंच. माणूस चांगला आहे.

कलम ३. माझ्या गाठीचा एक तुकडा संभाजीनगरच्या दवाखान्यात अभ्यासाला ठेवला आहे. डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं, "त्याचं करून राह्यले काय तुम्ही? विकता का?" त्यांनी न रागावता समजावलं. शरीरातला जीन म्हणजे लिहून ठेवलेला हुकूम, आणि प्रथिन म्हणजे तो हुकूम बजावणारा माणूस. नुसता हुकूम वाचून भागत नाही. गाठीतली प्रथिनं तपासली की कोण खरंच कामावर आहे आणि कोण दांडी मारतंय ते कळतं. माझ्या गाठीत तुटफूट सांधणारं एक प्रथिन धड बनतच नाही. गाठ दुसऱ्या एका दुरुस्तीच्या जिवावर जगते, आणि गोळी तीच दुरुस्ती बंद पाडते.

"म्हंजे एक फिटर पळाला, दुसऱ्याला तुम्ही घरी बसवणार," मी म्हणलो.

"बराबर, काका!" बाई हसल्या.

गोळीनं गाठ बरीच आटली. पूर्ण बरं वाटेल असं कुणी ठासून सांगत नाही. सांगितलं असतं तर मी दवाखानाच बदलला असता. तुकडा त्यांनी ठेवावा, पण त्यातून जे कळेल ते तृप्तीला कळवावं.

कलम ४. आता जीनचं. इथं नीट वाचावं, कारण सगळा घोळ या शब्दानं घातला आहे. आमच्या परतुरात जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. दुसरं काही जीन असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दोष तुमच्या जीनमध्ये आहे. वडिलांकडून आलेला दिसतो. बहिणीकडंही असायची निम्मी शक्यता आहे. त्यांना बोलावून घ्या."

माझं टाळकंच सरकलं. जीन वडिलांचं, हे खरं. पण दवाखान्यात त्याची चौकशी कशाला? आणि बहिणीचं निम्मं कुठून निघालं? माझी धाकटी बहीण वंदना आष्टीला दिलेली. तिनं कधीच साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. म्हणलं, हे सर्जेरावदाजींचं काम. बायकोचा हिस्सा काढायला पठ्ठ्यानं डॉक्टरसुद्धा फितवला!

नेमकी त्याच संध्याकाळी वंदना डबा घेऊन आली. मी म्हणलो, "आलीस हिस्सा मागायला?" डबा न उघडता परत दिला. ती डबा पदराखाली घेऊन निघून गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही.

हे सगळं ऐकून तृप्तीनं कपाळाला हात लावला. "बाबा, ते आपलं जीन न्हाई ओ! रक्तातलं हाय!" मंग तिनं सगळं उलगडून सांगितलं. आमच्या तुळजाबाई आत्या छातीतल्या गाठीनं गेल्या. आमच्या घरानं जन्मभर त्यांच्या सासरच्यांवर भानामतीचा संशय घेतला, त्यांच्या दारचं पाणी प्यालो नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, ते दुखणं आमच्याच घरातून गेलं असावं.

म्हणून कापसाच्या जीनची निम्मी मालकी तृप्तीला, निम्मी वंदनाला. अट एकच, दोघींनी रक्त तपासून घ्यावं. तृप्ती तयार आहे. वंदना लय मानी आहे, फुकट दिलं तर फेकून देईल. अट घातली तर रागारागानं का होईना, जाईल. दाजींवर माझा अजूनही भरवसा नाही, त्यामुळं हिस्सा तिच्या एकटीच्या नावावर राहील.

कलम ५. बाकीची कलमं मी मेल्यावर, हे आजच. या कागदाची नक्कल खालचा साक्षीदार देवानंद यानं आजच आष्टीला नेऊन वंदनाच्याच हातात द्यावी. दाजींच्या हातात नाही. वंदे, बापाच्या एका जीनवरचा हक्क तू सही करून सोडलास. या दुसऱ्याचं हक्कसोडपत्र होत न्हाई गं. तुझ्यात असलं तर लवकर कळू दे. मला तू पाहिजे.

साक्षीदार दोघं. त्यांचं आपसात बिलकुल पटत नाही. ते मिळून खोटं बोलायचे नाहीत, म्हणूनच निवडले.

१) देवानंद किसनराव खरात, बियाण्यांचे दुकान, परतूर (सही)
२) माऊली नामदेव बरकुले, आडत दुकान, परतूर (सही)

कल्याण कारभारी लिपणे (सही)
परतूर, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५

पोच: नक्कल मिळाली. तृप्तीसंगं रक्त द्यायला निघाले. हिश्श्याचं नंतर बघू. देवानंदभाऊंच्या हाती डबा पाठवला आहे. या वेळी उघड. — वंदना