नेस्टमावशीचा दगडी क्रूस

२४ मार्च, सोमवार
लिहायचं लिहायचं म्हणत महिना घालवला. आज पाऊस आहे, बाहेर पळता येत नाही — म्हणून ही वही!

चर्चच्या आवारातला जुना दगडी क्रूस कार्डिफच्या संग्रहालयात न्यायचा घाट आहे. संग्रहालयाचा साहेब विचारत होता, "याची देखभाल कोण करतं?" कोण करणार! चर्चला येणारी माणसं उरलीत किती! मी जाते, तीही नंतरच्या चहासाठी. बाकी गाव चॅपेलवालं — त्यांची प्रार्थना वेगळी, क्रूस-मूर्तींचं वावडं.

नेस्टमावशी जेवली नाही. काकाला, तिच्या नवऱ्याला, क्रूसाच्या पायाशीच पुरलंय. "एकटा पडेल गं तो," एवढंच म्हणाली.

२६ मार्च
दुकानात चॅपेलचे तेगविन भेटले. दर रविवारी त्या क्रूसाला शिव्या घातल्याशिवाय त्यांचं प्रवचन संपत नाही. "जाऊ दे की, नेस्ट! पोपची मूर्ती ती. मी जन्मात त्या फाटकातून आत पाऊल टाकलं नाही."
"तुम्हाला बोलावलं होतं कुणी?" — मावशी.
पुढचं भांडण हुकलं. बाहेर एक कबरं तट्टू उभं होतं, ते मी बघत बसले.

३० मार्च, फुलांचा रविवार
आज अख्खं गाव आपापली थडगी घासतं, चुना लावतं, फुलं वाहतं. मावशी म्हणाली, "भटकभवानी, त्या साहेबाला देखभाल दिसायला हवी ना? मार क्रूसालाही एक हात!"
मारला. मध्येच नदीवर मासे बघून आले. आधी किती हात झाले ते आठवेना, म्हणून आणखी दोन. दुधासारखा पांढरा! वर डॅफोडिलची माळ. मावशी कितीतरी दिवसांनी हसली.

३१ मार्च
साहेब आला. डोकं धरून थडग्यावरच बसला.
"बाई, हे काय केलंत?"
"देखभाल!" मावशी ऐटीत.
"हजार वर्षांच्या कोरीवकामावर चुना? आता हा इथे ठेवणार नाही. परवा लॉरी येईल."
मावशी मला एका शब्दानं बोलली नाही. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२ एप्रिल
लॉरी फाटकाशी उभी आहे, पण दोर बांधायला जागा नाही — क्रूसाला पाठ टेकून तेगविन बसलेत! चॅपेलमधली खुर्ची सोबत आणलीय. काळा कोट चुन्यानं पांढरा. ड्रायव्हरवर ओरडताहेत, "हा नेलात तर रविवारी मी शिव्या कुणाला घालू?"
मावशीनं चहा ठेवलाय. मोठ्या किटलीत.