गोगलगायींचं पाणी

ता. ४

ती. बाबांस,
सा. न.

कॅन मिळाला, पण निम्माच भरलेला होता. टेकडीमागच्या झऱ्यातल्या गोगलगायी आता फक्त आमच्या प्रयोगशाळेतल्या एका काचपेटीत उरल्या आहेत, आणि त्यांना दुसरं पाणी मानवत नाही. परवा एकीने अंडी घातली, खसखशीएवढी. पुढचा कॅन भरून पाठवा.

आई म्हणते, मी तिच्यापेक्षा गोगलगायींची जास्त चौकशी करते. तिला सांगा, त्या उलट बोलत नाहीत.

लोभ आहेच, तोही कॅनबरोबर पाठवत जा.

आपली,
मोजपट्टी

ता. ११

चि. मोजपट्टीस,
अ. आ.

कॅन गळ्यापर्यंत भरून बसच्या कंडक्टरकडे दिला आहे. झाकण मी आवळलंय, तेव्हा उघडायला पान्हा लागेल. आई विचारते, गोगलगायींची बाळंतपणं उरकल्यावर तरी घरी येणार का.

टेकडीच्या पायथ्याला कालच आणखी एक बोअर मारली. पाणी खोल गेलंय, पण माझं मशीन त्याहून हट्टी आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा

ता. १५

ती. बाबांस,
सा. न.

सगळ्या मेल्या. अंडीही पांढरी पडली. कॅनमध्ये उरलेल्या पाण्यात क्लोरीन निघालं. बाहेरून येणारं प्रत्येक पाणी मी तपासून घेते. तुमचं कधीच तपासलं नाही.

ते कुठून भरलं, एवढंच कळवा.

ता. १९

चि. मोजपट्टीस,
अ. आ.

मागचा निम्मा कॅन मी वाटीने भरला होता. त्यानंतर झरा आटला. तुला सांगवेना. झऱ्याचं पाणी आता आपल्याच बोअरमध्ये येतं, हे मला ठाऊक आहे. ती मीच मारली, इथली सगळ्यात पहिली. म्हणून टाकीतलं भरलं. पिल्लं लहान असतील म्हणून चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकली, तुझ्या लहानपणी तुझ्या पाण्यात टाकायचो तशी.

आई माझ्याशी बोलत नाही. तू निदान रागाव तरी.

तुझा,
बाबा

ता. २३

ती. बाबांस,
सा. न.

रागवायला वेळ लागेल, तेव्हा कळवीन.

पावडरने मेल्या, असं मी वरिष्ठांना लिहून दिलं. ते अर्धंच खरं आहे. झरा काही पावडरने आटला नाही.

काचपेटी धुऊन ठेवली. आता पाणी पाठवू नका. आधी आपल्या घरच्या बोअरमधली मोटर काढा. झरा पुन्हा वाहील असं मी म्हणत नाही, आणि वाहिला तरी त्यात परतायला कुणी उरलेलं नाही. आईला पाणी लांबून आणावं लागेल. पहिल्या खेपा मी करीन.

तुमचा हात धजावणार नसेल, तर थांबा. रविवारी येते. कॅन उघडायला घेतलेला पान्हा माझ्याकडेच आहे.

लोभ आहे, तो तपासून घेतलेला नाही.

आपली,
मोजपट्टी