मनोरा नसलेलं चर्च

मदिनत खलीफा, दोहा, कतार
बुधवार, २००९

ऋता,

परवा शुक्रवारी अबू हमूरच्या चर्चमध्ये तुझं त्या जोजीशी लग्न. काल ती वास्तू बाहेरून बघून आलो. ना मनोरा, ना घंटा, ना क्रूस. इथल्या मुस्लिम राजवटीकडून परवानगी मिळाली ती गोदामासारख्या इमारतीची, आणि भक्त लगेच कृतज्ञ! इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची प्रार्थनाही निमूटपणे शुक्रवारी. असल्या मिंध्या देवापुढे माझी मुलगी शपथ घेणार?

जर्मनीत पाहिलेलं कोलोनचं कॅथेड्रल आठवतं? बांधून पुरं व्हायला सहाशे वर्षं लागली. मनोरे आपल्या नातवंडांनाही दिसणार नाहीत, हे पहिल्या पाथरवटांना कळत असणार. तरी त्यांनी दगडात पानं-फुलं कोरली. मी थक्क होतो तो त्या माणसांपुढे, देवापुढे नव्हे. कितीतरी सभांतून हे ठणकावून सांगितलंय.

तू मात्र फोनवर म्हणालीस, "बाबा, मेलेल्यांची श्रद्धा तुम्ही तासन्‌तास मान वर करून बघता. जिवंत माणसांची तेवढी सहन होत नाही. येणार की नाही, एवढंच सांगा."

मी फोनच ठेवून दिला. शेजारी बसलेली तुझी आई म्हणाली, "खलास! वक्त्यांचा माईक बंद."

हे पत्र पाठवणार नाही. तू ते जोजीला इंग्रजीतून समजावशील आणि तो गालातल्या गालात हसेल. येतो, एवढंच कळवेन. प्रार्थनेला सगळे उठतील, मी बसून राहीन. तू आत येशील तेव्हा मात्र उठेन. त्या पाद्र्याने त्याचा भलता अर्थ काढू नये.

अजूनही नास्तिक,
तुझा बाबा