सारसाची मान किती लाल

मंगळवार संध्याकाळ, गोरेगाव

दादाला जाऊन दोन महिने झाले. आज पहिल्यांदा त्याने काढलेले सारसांचे फोटो उघडले. सगळे फिके, कॅमेऱ्यातून निघाले तसेच. त्याने महिनाभर बसून केलेलं एडिटिंग प्रत्येक फोटोसोबतच्या एका छोट्या फाईलमध्ये होतं. जुनी डिस्क रिकामी करताना मी मोठे फोटो तेवढे वाचवले. छोट्या फायली कचरा समजून मीच उडवल्या. निदान एकदा कोणाला तरी विचारायचं होतं!

आई मागून म्हणाली, "काऊन रडून राहिला? फोटो तर आहेत ना."

हो, आहेत. पुन्हा रंग चढवायला बसलो. दवनीवाड्याच्या भाताच्या बांधीतला तोच सारस. "मान इतकी लाल नको करू," दादा नेहमी टोकायचा.

मग किती? ते त्या छोट्या फाईलमध्ये होतं.