गाजर मोठं की सफरचंद

ती. ताईस,

तुला आणि भावोजींना नमस्कार. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालूनच हाका मारायला लावतो, ते कळव. तुझा खोकला परवा फोनवर ऐकू आला नाही. म्हणजे तो गेला, किंवा तू फोन लांब धरलास. पहिलंच खरं असो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य गेल्या महिन्यात लिहवलं नसतं, म्हणून तेव्हा पत्रही लिहिलं नाही. आणि हे सगळं फोनवर सांगता येत नाही, कारण आमचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे आणि त्या दाराला कान आहेत.)

तू आईला दवाखान्यातून घरी आणून परत गेलीस, तेव्हा तिचा न्यूमोनिया गेला होता, पण भूकही त्याच्याबरोबर गेली होती, हे तू पाहिलंसच. तू गेल्यावर ती आणखी खाईनाशी झाली. ताट समोर ठेवलं की दोन बोटांनी हळूच बाजूला सारायची, जणू काही ताटच चुकीच्या घरी आलंय. हातातलं घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं. मी दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासत बसायचो आणि मनात तेच घड्याळ. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, सगळं ठीक आहे म्हणाल्या, आणि जाता जाता दारातून म्हणाल्या, ‘‘फळं, भाज्या, काहीतरी पोटात जाऊ द्या.’’ त्यांनी एवढं एक वाक्य नीट पूर्ण केलं असतं, कोणतं फळ आणि कोणती भाजी ते सांगितलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

धाकटा त्याच संध्याकाळी पिशवीभर सफरचंदं घेऊन आला. (तो हल्ली व्यायामशाळेत लोकांना वजनं उचलायला शिकवतो, हे तुला ठाऊक आहेच. तेव्हापासून तो माणसाकडे बघताना आधी दंडाकडे बघतो.) घरात येऊन बघतो तर तुझी भावजय आईसाठी गाजर किसत बसलेली. ‘‘आजारी माणसाला गाजर?’’ एवढंच तो म्हणाला. तिनं किसणी खाली ठेवली. ताई, ती वाचनालयात कामाला आहे. तिच्या टेबलामागे आहारशास्त्राचं एक अख्खं कपाट आहे, आणि ती एरवी अबोल आहे ती केवळ कोणी विषय काढत नाही म्हणून. तिनं सांगितलं की गाजरातून अ जीवनसत्त्व मिळतं, सफरचंदात ते नावाला असतं. पोटॅशियम तर गाजरात जवळजवळ तिप्पट. धाकटा म्हणाला, वहिनी, शक्ती कुठे आहे ते सांग. सफरचंदात साखर जास्त, उष्मांक जास्त, शिवाय चावायला सोपं. तिनं तंतूंचा मुद्दा काढला, त्यानं फोन काढला. शेवटी गाडी क जीवनसत्त्वावर आली. दोघांनी आपापल्या ठिकाणी शोधलं आणि निघालं असं, की ते दोन्हींत साधारण सारखंच असतं आणि दोन्हींत बेताचंच असतं. त्यानंतर बराच वेळ घरात शांतता होती. मला ती फार आवडली.

पण ती टिकली नाही. फ्रिजचा खालचा कप्पा अर्धा गाजरांचा झाला, अर्धा सफरचंदांचा, आणि मधे दुधाची पिशवी सरहद्दीसारखी. आईपुढे एकीकडून वाफवलेल्या गाजराची वाटी यायची, दुसरीकडून सफरचंदाच्या फोडी. ती दोन्ही सारायची. आता टाकून कसं द्यायचं? आणि कोणाचं आधी खायचं? मी पडलो घरातला तटस्थ माणूस. वाटीही मीच संपवायचो, फोडीही मीच. त्यातही सफरचंद चार फोडींत आटोपतं, गाजर मात्र तुझी भावजय मापानं देत नाही. असं बरेच दिवस चाललं.

मग एका दुपारी दुकानात एक गिऱ्हाईक नव्या चष्म्यातून बघत होतं. मी विचारलं, आता स्वच्छ दिसतं का? ते गृहस्थ माझ्या हाताकडे बघून म्हणाले, ‘‘इतकं स्वच्छ दिसतंय, की तुम्हाला कावीळ झालीय हेही दिसतंय.’’ मी तळहात पाहिले. पिवळे. मालकांनी मला काचांपासून दूर उभं केलं, माझा पेला वेगळा ठेवला आणि रिक्षात बसवून डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. रस्ताभर मी मनात निरवानिरव करत होतो. (तुला सांगायला हरकत नाही, माझा चांगला रेडिओ मी भावोजींच्या नावे केला होता.) बाईंनी माझे डोळे ताणून पाहिले, ते पांढरेच होते. मग त्यांनी चेहरा अगदी गंभीर ठेवून विचारलं, ‘‘गाजरं किती खाता?’’

घरी येऊन सांगितलं, की कावीळ नाही, गाजरांचा रंग चढलाय. तुझी भावजय म्हणाली, बघा, गाजर अंगी लागतं याचा याहून मोठा पुरावा काय हवा. सफरचंदाचा कुठे मागमूस आहे का याच्या अंगावर? धाकटा म्हणाला, माणूस उद्या जमिनीतून उपटावा लागेल. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. आधी आम्हाला वाटलं, आईला ढास लागली. धावत गेलो. ती हसत होती. उशीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला जवळ बोलावून तिनं माझा तळहात खिडकीकडे धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, ‘‘आणा बघू दोन्ही. एवढे भांडताय तर चव तरी घेते.’’

तिनं गाजराच्या दोन फोडी खाल्ल्या, सफरचंदाची एक, आणि निकाल राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज सफरचंद जरा उजवं, पण गाजराला मीठ कमी होतं, तेव्हा हे धरायचं नाही. तिसऱ्या दिवशी गाजर पुढे. निकालासाठी आधी तोंड साफ हवं म्हणून थोडा भात मागितला. मग भाताबरोबर वरण. आता ती दोन वेळा पोटभर जेवते, आणि परवा तर कोपऱ्यावरच्या फळवाल्यापर्यंत स्वतः चालत गेली आणि सफरचंदं मऊ निघाली म्हणून त्याला चांगलं ऐकवून आली. माझ्या तळहातांचा रंग उतरत चालला आहे. एकूण मी सुखात आहे.

तुझा,
मधला

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे, की दोघांचा समेट झाला आहे. गाजर शिजवून, थोड्या तेलातुपाबरोबर, सफरचंद सालीसकट, आणि दोन्ही खावीत, असं ठरलं. काल दोघं एकाच टेबलाशी बसून गप्पा मारत चिरत होते. आईनं ते पाहिलं आणि वाटी अर्धी ठेवली. मला धडकी भरली. तेव्हा तू एक कर. फोन करून खणखणीत आवाजात सांग, की या दोघांपेक्षा बीट सरस आहे. बाकीचं आपोआप पेटेल.

ता. क. दुसरा (अक्षर आईचं). पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. वाटी ठेवली ती गाजर करपलं होतं म्हणून, समेटाशी काही संबंध नाही. सूनबाईला बोलू नकोस, बिचारी गप्पांत विसरली. बीट मला मुळीच आवडत नाही, पपई म्हण. आणि फोनवरून नको, इथे येऊन चार दिवस राहून म्हण. मी निकाल तोवर देत नाही.